मापकाला न दिसणारी भुरभुर

चोवीस तासांत 2.5 मिलिमीटर पाऊस झाला तरच आपण तो दिवस ‘पावसाचा’ धरतो. किनाऱ्यावरच्या माकुणसार गावच्या वाड्यांवर सकाळपासून भुरभुर राहिली आणि मापकात जेमतेम एक मिलिमीटर साचला, तर तो दिवस या हिशेबातून बाद. शेतीला हे चालेल. ढगांचा अभ्यास करणाऱ्याला चालू नये.

दिवसभरात एवढीच भुरभुर ढगाखालच्या हवेत विरली, तर बाष्पीभवनाला दर चौरस मीटरमागे सरासरी 29 वॅट उष्णता लागते. ढगमाथ्यावरून अवरक्त प्रारणाने निघून जाणारी आणि स्ट्रॅटोक्युम्युलस या सपाट, छतासारख्या ढगाची घुसळण चालवणारी उष्णता 50 ते 100 वॅटांच्या घरातली. म्हणजे मापकाला क्षुल्लक वाटणारे पाणी ढगाच्या मुख्य हिशेबातच हात घालते. खालची हवा गार होते, वर ढगात सांद्रीभवनाची ऊब उरते आणि समुद्राची वाफ वर पोचेनाशी होते. गार हवा पृष्ठभागावर पसरते. अशा दोन लाटा भिडतात तिथे हवा उचलली जाऊन नवा ढग उभा राहतो, जुन्याच्या जागी भोक पडते. मधे ढग आणि कडेला फटी ही बंद कोशांची रचना उलटून ढगांच्या कड्या उरतात. 2001 साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे डायकॉम्स-2 या ढग-अभ्यास मोहिमेच्या विमानाला अशा भोकांच्या टापूतच भुरभुर अधिक जोरदार आढळली.

माकुणसारपुढच्या समुद्रावर पावसाळ्यात असे सपाट छत नसते, हे मान्य. ते शोधायचे पश्चिमेला, सोमालिया-ओमानच्या गार पाण्यावर. तिथला तापमान-व्युत्क्रम, म्हणजे ढगांवर झाकण घालणारा उबदार हवेचा थर, 1960च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेपासून माहीत आहे. पूर्वेकडे येताना तो ढिला पडतो, ढग उंचावतात. या वाटेत भुरभुरीचा वाटा किती, हा प्रश्न खरे तर आपला. कॅलिफोर्नियाची उत्तरे उसनी आणून तो सुटणार नाही.

इन्सॅट-3डी वर्गातील उपग्रहांच्या दृश्य चित्रात एक किलोमीटरचा तपशील मिळतो. दहा-वीस किलोमीटरचे कोश त्यात ओळखता येतात, त्यांखालची भुरभुर नाही. म्हणून जहाजांवरच्या आणि डहाणू-कुलाब्यासारख्या किनारी वेधशाळांतल्या निरीक्षकांना विनंती: भुरभुरीला 50 ते 59 मधलाच हवामान-संकेतांक द्या, सवयीने 60 (पाऊस) किंवा 80 (सरी) च्या गटात ढकलू नका. सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, ढगतळाची उंची आणि त्या सुमारास वारा फिरला असल्यास दिशा, हे सारे शेऱ्यात लिहा. मापकात काहीच साचले नाही, तरीही.