आलेख गाडीबरोबरच उमटायला हवा

गतीच्या प्रयोगात सेन्सर आणला की आलेख काढण्याची मेहनत यंत्र करते आणि मुलांची समज कच्ची राहते, असा आक्षेप अनुभवी शिक्षकही घेतात. हाताने आलेख काढणे हे कौशल्य आहे आणि ते शिकवलेच पाहिजे. पण आलेख काढता येणे म्हणजे तो कळणे नव्हे. नोंदी घेऊन, प्रमाण ठरवून कागदावर बिंदू मांडेपर्यंत गाडी कधीच थांबलेली असते. मुलांसमोर गती उरत नाही, उरतात ते आकडे. अमेरिकेत हीदर ब्रासेल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका इथे बोट ठेवतो. एका गटाला हालचाल चालू असतानाच पडद्यावर आलेख दिसला, दुसऱ्याला तोच आलेख काही सेकंद उशिरा. एवढ्याशा विलंबाने शिकण्याचा बराचसा लाभ हातचा गेला. म्हणजे सेन्सरचे खरे मोल मेहनत वाचवण्यात नाही, कृती आणि आलेख एकाच क्षणी दाखवण्यात आहे. उतारावर गाडी वर ढकलली, तर सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य, असे मुले हमखास सांगतात. घर्षण कमी असेल तर वेग-काल आलेखातली तिरकी रेषा शून्याचा अक्ष ओलांडताना आपला चढ जवळजवळ बदलत नाही. हे पाहिलेल्या मुलाला त्वरणाची व्याख्या वेगळी पटवावी लागत नाही.

स्वस्त सेन्सर अचूक नसतो, हा दुसरा आक्षेप. शंभर-दीडशे रुपयांचा एचसी-एसआर०४ श्राव्यातीत ध्वनी सोडतो, प्रतिध्वनी परतायला लागलेला वेळ मोजतो आणि साधारण २ सेंटिमीटर ते ४ मीटर अंतर सांगतो. त्याच्या नोंदी थरथरतात, वेग काढताना ती थरथर आणखी वाढते, हे खरे. हवेत ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो; विदर्भातल्या तापलेल्या दुपारी दुरुस्ती न करता घेतलेले अंतर सुमारे ३.४ टक्क्यांनी कमी भरेल. पण ही चूक कुठून आली हे मुलांना शोधता येते, दुरुस्तही करता येते. बंद डब्यातले महागडे उपकरण ही संधी देत नाही.

राहिला सेन्सरसाठी लागणाऱ्या संगणकाचा प्रश्न. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरने घडवलेले ‘एक्सपाइज’ हे सेन्सरच्या नोंदी घेणारे उपकरण मोबाइललाही जोडता येते. शिक्षकांना विनंती एवढीच, की सेन्सर चालू करण्याआधी प्रत्येक मुलाकडून अपेक्षित आलेख पेन्सिलीने काढून घ्या, आणि मगच गाडी सोडा.