ऑपरेशनच्या तारखेआधीचे दिवस

बिद्रीच्या आयाबहिणींनो, आणि त्यांच्या घरच्यांनो,

स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट कॅन्सरचा आला की कोल्हापूरचे हेलपाटे सुरू होतात. तपासण्या, महात्मा फुले योजनेची मंजुरी, मग तारीख. मधल्या दिवसांत घर सुन्न होतं आणि बाई अन्न टाकते. तसं होऊ देऊ नका. गळीत हंगामाआधी कारखान्यात यंत्रं खोलून तेलपाणी करतात, तसं या दिवसांत शरीराचं करायचं. मात्र त्यापायी उपचार एक दिवसही लांबवू नका.

पहाटे धार काढून सगळं दूध डेअरीला घालायचं आणि स्वतः कोरा चहा प्यायचा, ही आपल्याकडची रीत. आता पेलाभर दूध आधी तिच्यासाठी काढा, मग डेअरी. रोज अंडं किंवा उसळ, डाळ. उपास बंद. रक्त कमी, साखर किंवा बीपी जास्त असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. किडका दात केमोआधीच दाखवा.

आणि मिशरी. इथं मी अडून बसणार. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, मग जखमेला रक्त कमी पोचतं. आजपासून डबी घरात नको.

काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो. म्हणून आधीच फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. त्यातला एक सोपा: भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची, पोचतील तिथं खडूनं खूण करायची. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून हळूहळू त्याच खुणेपर्यंत यायचं. दोन्ही दंडांची मापंही लिहून ठेवा. पुढं सूज आली तर लगेच कळेल.

रोज अर्धा तास चाला. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या 77 रुग्णांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनआधीच व्यायाम, आहार आणि मनाची तयारी सुरू केलेल्यांपैकी 84 टक्के रुग्ण आठ आठवड्यांत पूर्वीइतके चालू लागले. नंतर सुरू केलेल्यांपैकी 62 टक्के. अवयव वेगळा असला, तरी शरीराला ताकद आधीच लागते हे त्यातून दिसतं.

घरच्यांनो, ऑपरेशननंतर बरेच दिवस तिला धार काढता येणार नाही, वैरणीचा भारा उचलता येणार नाही. म्हैस परक्या हाताला पान्हा चोरते. तेव्हा मुलानं, सुनेनं नाहीतर नवऱ्यानं उद्या पहाटेपासूनच बाईच्या शेजारी बसून धार काढायला घ्यावी.