आयर्लंडच्या खेड्यांना भाबडे म्हणण्यापूर्वी

आयर्लंडच्या ग्रामीण लोककथा म्हणजे पाद्र्यांच्या मुठीतल्या, पऱ्यांना भिणाऱ्या अडाणी शेतकऱ्यांची भाबडी दुनिया, असे मत अजूनही ऐकू येते. ते मला साफ अमान्य आहे.

मुठीचेच आधी पाहू. मृताच्या घरी रात्र जागवताना तिथे तंबाखू आणि दारूबरोबर खेळही चालत. खोटी लग्ने लागत, कुणी पाद्री बनून पापाची कबुली ऐकण्याचे सोंग आणी. कॅथलिक बिशपांनी सतराव्या शतकापासून या खेळांवर पुन्हा पुन्हा बंदी घातली. लोक मुकाट ऐकणारे असते तर एक बंदी पुरली असती.

याहून बोलका पुरावा किलीनचा. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळाला चर्चच्या पवित्र दफनभूमीत जागा नसे. मग बाप किंवा घरातला दुसरा पुरुष ते रात्री घेऊन निघे आणि ओसाड मठात, समुद्रकाठी, शिवेवर किंवा प्राचीन गोल गढीत पुरे. कुठे कुठे वर पांढऱ्या गारगोट्या ठेवत. या जागा म्हणजे किलीन. गोल गढ्या पऱ्यांच्या मानल्या जात. (या पऱ्या पंखवाल्या, चिमुकल्या नव्हेत, मानी आणि डूख धरणाऱ्या.) तिथे नांगर घालणाऱ्याचे वाटोळे होते, ही समज पक्की होती. ज्या मुलांना धर्माने दाराबाहेर ठेवले, त्यांच्या मातीला या समजुतीने राखण दिली. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाला अशा बाळांच्या तारणाची आशा उघडपणे मांडायला २००७ साल उजाडले.

विरोधक ब्रिजेट क्लिअरीचे नाव घेतील, आणि ते घ्यायलाच हवे. मार्च १८९५मध्ये टिपेररीत नवऱ्याने, ही माझी बायको नव्हे, पऱ्यांनी बदलून ठेवलेली आहे, असे म्हणत तिला नातलगांदेखत छळले आणि जाळले. या क्रौर्याला शब्द लोककथेने पुरवले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ब्रिजेट शिवणयंत्रावर स्वतः कमावणारी, मूलबाळ नसलेली तरुणी होती. अशा बाईविषयीचा संशय पऱ्यांनी जन्माला घातलेला नाही. तो पऱ्या न मानणाऱ्या घरांतही नांदतो. या खुनाच्या खटल्याचा आधार घेऊन आयर्लंडच्या स्वराज्याच्या विरोधकांनी आयरिश माणूस राज्य करायला नालायक ठरवला. एका नवऱ्याच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या देशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा सरळ राजकीय डाव होता.

या लोककथांत पऱ्यांपलीकडेही बरेच काही साठले आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले लिहून काढायला लावले. विषयांत पवित्र विहिरी आणि घरगुती औषधे होती, तसे गावचे जमीनदार आणि दुष्काळही होते. १८४५नंतरच्या त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्यांची बाजू जमीनदाराच्या वसुलीच्या वहीत सापडणार नाही. इतिहासकाराने त्या वहीशेजारी मुलांच्या वह्या ठेवाव्यात आणि दोन्हींची उलटतपासणी सारख्याच कडकपणे करावी.