विहिरीचे पाणी आणि संडासची टाकी

वाशीम, रिसोड, कारंजा अशा गावांत राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळजणींचे माहेर नाहीतर सासर खेड्यात असते. लेकीसुनेचा बाळंतपणानंतरचा सव्वा महिनाही अनेकदा तिथेच निघतो. आता घराला पक्का संडास आहे, ही मोठीच सोय झाली. पण मैत्रिणींनो, त्याची टाकी आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत अंतर किती, हे कधी मोजून पाहिलंत का?

"आमची टाकी कधी भरतच नाही," असे कौतुकाने सांगणारे घरोघरी भेटतात. खरे तर नीट बांधलेली टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. कधीच न भरणारी टाकी बहुधा तळाशी उघडी असते किंवा झिरपत असते. टाकी चांगली असली तरी तिचे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीतच जाते. त्यातल्या अमोनियाचे मातीत नायट्रेट बनते. माती जंतू बरेचसे अडवते, पण नायट्रेट पाण्यात विरघळून सरळ खाली उतरते. आपल्याकडे मुरुमाखाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून ते दूरवरही जाते.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. तुरटी, मेडिक्लोर, साधा कँडल फिल्टर यांचाही उपयोग नाही. जंतूंसाठी हे उपाय करावेतच, पण नायट्रेट कमी होते ते चालू स्थितीतल्या आरओ यंत्राने.

सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, त्यातही वरच्या दुधावरच्या. अशा पाण्यात पावडरचे दूध कालवले, की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ओठ, नखे निळसर दिसू लागतात. असे दिसले तर घरगुती औषध न करता तडक दवाखाना गाठावा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी 1945 साली विहिरीचे पाणी आणि हा आजार यांचा संबंध दाखवून दिला. अंगावरच्या दुधाने हा त्रास सहसा होत नाही. म्हणून सहा महिने फक्त आईचे दूध. वरचे पाणी नको नि पाण्यात उगाळलेली घुटीही नको.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातल्या सर्वाधिक बाधित 15 जिल्ह्यांत बुलढाणा, अमरावती, यवतमाळ ही नावे आहेत. तिन्ही आपल्या शेजारचे. तेव्हा आपणही स्वस्थ बसू नये.

पाणी तपासायला अवघड काही नाही. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची योजना आहे. ग्रामपंचायतीत विचारा. संचात आकडा जास्त दिसला तर प्रयोगशाळेत खात्री करून घ्या. पावसाळ्याआधी एकदा नि नंतर एकदा, असे दोनदा तपासावे.

दोष टाकीचा की शेतातल्या खताचा, याचाही अंदाज येतो. वस्तीतल्या विहिरीत आकडा मोठा आणि शेतातल्या विहिरीत लहान, शिवाय वस्तीच्या पाण्यात क्लोराइडही जास्त, तर संशय टाकी, गोठा नि उकिरडा यांच्यावर घ्यावा. शेतातल्या विहिरींतही तितकेच असेल, तर युरियाकडेही पाहावे.

शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर, म्हणजे 60 फूट दूर असावा. आपल्या भेगाळ खडकात याहून जास्त अंतर बरे. आणि शक्यतो तो विहिरीच्या उताराच्या बाजूला घ्यावा, चढाच्या बाजूला नको. कुणी यावरून संडासच नको म्हणेल, तर ऐकू नका. संडास हवाच, फक्त त्याची जागा चुकता कामा नये. खड्डा खणण्याआधी गवंड्याच्या हातात टेप द्यावा. आणि लेक बाळंतपणाला येणार असेल, तर डिंक-मेथीच्या लाडवांची तयारी करतानाच विहिरीच्या पाण्याची एक बाटली तपासायला पाठवावी.