पोरकट कोण?

जयंतीच्या जमाखर्चाची बैठक विहारात चालली होती. बँडवाल्याला दिलेल्या पैशांची पावती कुठे आहे, असे दहावीतल्या एका मुलीने विचारले. ‘पोरकटपणा करू नकोस, बस खाली,’ असे एका जुन्या कार्यकर्त्याने तिला सुनावले. मुलगी बसली. पावती काही निघाली नाही.

हा शब्द आपल्या घरांत आणि सभांत फार सैल वापरला जातो, म्हणून त्यावर चार ओळी लिहाव्यात असे आम्हांस वाटले.

शेवटी ‘कट’ आला की शब्दात नापसंती येते. मळकट, तेलकट, तसाच पोरकट. जो पोर नाही, पण पोरासारखा वागतो, तो पोरकट. म्हणजे हा शब्द मुळात मोठ्यांसाठी आहे. बॅनरवर आपला फोटो लहान छापला म्हणून दोन पदाधिकारी महिनाभर अबोला धरतात, तो पोरकटपणा. ‘बालिश’ त्याच्या जवळचा, पण पुस्तकी. तो वागण्यापेक्षा बोलण्याला आणि युक्तिवादाला जास्त शोभतो. गंभीर कामाची हेळसांड झाली की तो ‘पोरखेळ’. वर्गणी गोळा करून हिशेब न ठेवणे याला आम्ही पोरखेळच म्हणू. त्या मुलीचा प्रश्न यांपैकी कशातच बसत नाही.

लेकरांसाठी भाषेने वेगळे शब्द ठेवले आहेत. अवखळ, खोडकर, हूड, द्वाड. यांत रागापेक्षा कौतुक जास्त. ‘अल्लड’ बहुधा मुलींनाच म्हणतात, आणि तिथे आईबापांनी सावध राहावे. ‘अल्लड आहे, लग्न झाले की येईल समज,’ असे म्हणत शिकत्या पोरीचे लग्न उरकलेले आम्ही पाहिले आहे. अल्लडपणावर लग्न हे औषध नव्हे.

‘व्रात्य’ची गोष्ट निराळी. खोड्या काढणाऱ्या पोराला आपल्या आयाबहिणी सर्रास व्रात्य म्हणतात. पण ब्राह्मणी ग्रंथांत व्रात्य म्हणजे ज्याची मुंज वेळेत झाली नाही, जो संस्काराबाहेर राहिला, तो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मल्ल आणि लिच्छवी यांची गणना व्रात्य क्षत्रियांच्या संततीत केली आहे. कुशिनारा मल्लांचे, जिथे तथागतांचे महापरिनिर्वाण झाले, वैशाली लिच्छवींची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जी मनुस्मृती जाळली गेली, तिच्यातला हा शब्द आपण लेकराला लाडाने लावतो! बोलण्यातून तो काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. शब्द अर्थ बदलतात. पण माहीत असावे.

आणखी एक. मोठ्या माणसाला पोर ठरवणे ही जुनी युक्ती आहे. गावात आपल्या आजोबा-पणजोबांना वरच्या आळीतले कालचे पोरही अरे-तुरे करीत असे. नावाला ‘या’ जोडून हाक मारीत असे. आजही कचेरीत पन्नाशीच्या शिपायाला ‘पोऱ्या, पाणी आण’ म्हणणारे साहेब भेटतात. हे ज्यांनी सोसले, त्यांनीच घरात बायकोला ‘तुला काय कळते, तुझी पोरबुद्धी’ म्हणावे, याचे आम्हांस नवल वाटते.

पालीत ‘बाल’ शब्दाचे दोन अर्थ आहेत: लेकरू आणि मूर्ख. धम्मपदाचा पाचवा वग्ग बालवग्ग. त्यातला बाल वयाने लहान नाही. ज्याला धम्म उमगला नाही, तो कितीही वयाचा असो, तिथे बालच. उलट राहुल सातव्या वर्षी सामणेर झाला असे परंपरा सांगते. घरात धम्मपद असेल तर या रविवारी मुलांना जवळ घेऊन हा वग्ग वाचावा. लगेच पुढचा सहावा, पंडितवग्ग, तोही वाचावा. आणि मुलांनी मध्येच काही विचारले, तर वाचन थांबवून आधी त्यांना उत्तर द्यावे.