लिहाजापोटी लिहिलेला चेक

दरमहा तीन टक्के म्हणजे वर्षाला 36 टक्के. नफा तिथेच गुंतवत गेलं तर साधारण दोन वर्षांत पैसे दुप्पट. हा हिशेब मी चहा संपायच्या आत तोंडी केला होता. इतका नफा कुठलाही सरळ धंदा सलग देत नाही, हेही कळत होतं. तरी त्या संध्याकाळी मी 50 हजारांचा चेक लिहिला, कारण समोर खालू बसले होते. त्यांनी पैसे टाकले होते, मोहल्ल्यातल्या दोन हाजीसाहेबांनी टाकले होते आणि माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘हलाल’ लिहिलं होतं. आठ महिने नफा आला. मग फोन लागेनासा झाला.

भीड भिकेची बहीण म्हणतात. आपल्या घरांत तिला लिहाज म्हणतात आणि सद्गुण मानतात. मोठ्यांना ‘कागद दाखवा’ म्हणणं म्हणजे त्यांच्या इमानावर संशय! वास्तविक सूरह बकराची 282वी आयत, कुरआनातली सर्वांत मोठी आयत, मुदतीचं देणं लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगते.

बंगळुरूच्या आयएमएमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. 2006 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा संस्थापक मोहम्मद मन्सूर खान जून 2019 मध्ये दुबईला निघून गेला आणि जुलैत परतल्यावर दिल्लीत त्याला अटक झाली. पैसे अडकलेले हजारो लोक बहुतांशी मुस्लिम होते. व्याज नको म्हणून मुदत ठेव न करणाऱ्या माणसाची गरज खरी असते, आणि तीच हेरली जाते. हे फक्त आपल्यातच घडतं असंही नाही. 2008 मध्ये उघडकीला आलेल्या बर्नी मॅडॉफच्या घोटाळ्यात अमेरिकेतल्या कितीतरी ज्यू संस्था आणि कुटुंबं बुडाली. तोही त्यांच्यातलाच होता.

स्वभावाचा भाग आहेच. खालू उतावळे, मी भिडस्त. माझी धाकटी बहीण मात्र शंकेखोर. तिने त्या संध्याकाळी विचारलं होतं, “तोटा झाला तर कोण सोसणार?” एजंट म्हणाला, “तोटा होतच नाही, आपा.” सगळे हसले, मीसुद्धा.

पण शरियतचा प्रश्न नेमका तोच आहे. मुदारबामध्ये नफ्याच्या वाटणीचं प्रमाण ठरवता येतं, रक्कम नाही. धंद्यात तोटा झाला तर तो भांडवल देणाऱ्याचा असतो. नफ्याची हमी देणारी स्कीम म्हणूनच आधी हलालच्या कसोटीवर नापास होते, सेबीची नोंदणी तपासणं त्यानंतर. शरियतच्या निकषांवर चालणारे टाटा एथिकलसारखे नोंदणीकृत फंड आपल्याकडे आहेत. तिथे तोटा होऊ शकतो, हे ते स्वतःच लिहून देतात. आपल्याला तो प्रामाणिकपणा रुक्ष वाटतो.

ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, पण तक्रार तर करायला हवी! खालूंची बदनामी होईल म्हणून आमच्यापैकी कुणी पोलिसांकडे गेलं नाही. म्हणजे लिहाजाची किंमत आम्ही दोनदा मोजली.

आता घरात कुणी नवी स्कीम आणली की अम्मी आधी बहिणीला फोन लावते. खालूंसमोर मात्र तो विषय अजून निघत नाही.