अर्धे पक्षी

माझ्या वहीत पुरा झालेला पक्षी क्वचितच सापडेल. एका पानावर धोब्याची नुसती शेपटी आहे, तिच्या शेजारी चक्रवाकाची मान, खाली पाणकावळ्याचा वाळत घातलेला एकच पंख. दोन वर्षं झाली, रोज सकाळी मी मांजरीहून कवडीपाटला जाते, मुळा-मुठेच्या काठावर एका दगडावर बसते आणि तासभर पक्षी काढते. सोबत साधी वही आणि ४बी पेन्सिल. खोडरबर नेत नाही.

हिवाळ्यात इथे चक्रवाक येतात. लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या पाणथळींत वाढलेले हे नारिंगी पक्षी आपल्या शहराच्या सांडपाण्यात उतरतात. त्या रंगाभोवती साचलेला फेस बघून राग येतो. तो फेसही मी काढते. पक्ष्याच्या पायाखालचं पाणी खोटं काढायचं नाही, एवढं ठरवलेलं आहे.

बघायला शिकवलं ते वंचकाने. लहानपणी आम्ही त्याला ढोकरी म्हणायचो. मातकट अंग, गळ्यावर रेघा, मान खांद्यांत ओढलेली; काठावर चिखलाचं ढेकूळ पडलंय असंच वाटतं. उडाला की पांढरेशुभ्र पंख एकदम उघडतात आणि आपण दचकतो. बसलेला वंचक काढायला सोपा वाटतो, पण तो स्थिर नसतोच. त्याची मान तासकाट्यासारखी सरकत असते. आधी पाठीचा बाक, मग धड, मग चोचीचा कोन, एवढं कागदावर येईपर्यंत मान बोटभर पुढे गेलेली. मी ती रेघ तशीच ठेवते आणि शेजारी दुसरी मान सुरू करते. मासा मिळेपर्यंत पानावर पाच-सहा माना होतात. त्या ओळीने बघितल्या की त्याचं दबा धरणं दिसतं.

वेडा राघू फार थांबायला लावत नाही. तारेवरून झेपावतो, किडा टिपतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. मधमाशी असेल तर तारेवर आपटून, घासून तिची नांगी काढतो, मगच गिळतो. तेवढा वेळ मला पुरतो.

एकदा शेकाट्या काढत होते. शेळ्या राखणारे एक आजोबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, पाय उलटा मोडला की हो तुमी."

"आबा, समोर बघा ना."

ते बघत राहिले. शेकाट्याचा तो लांबलचक गुलाबी पाय मागेच वाकतो. आपण ज्याला गुडघा समजतो तो त्याचा घोटा; खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. मी हे सांगितल्यावर आबांनी वहाणा काढल्या, काठी टेकली आणि टाचा उचलून बघितल्या.

"म्हंजी जल्मभर चवड्यावरच हुबा हाय त्यो."

त्या दिवसापासून मला शेकाट्याची चाल काढता येऊ लागली.

पंचवीस वर्षं मी हिशेबाचं काम केलं. ताळा जुळल्याशिवाय उठायचं नाही, हे इतकं मुरलेलं की झोपेतही आकडे यायचे. नदीवर पक्षी उडाला की काम तिथेच संपतं. सुरुवातीला मला ते सोसायचं नाही. घरी येऊन छायाचित्रं बघून मी पक्षी पुरे करायची. ते नीटनेटके व्हायचे, पण ती सकाळ त्यांत नसायची. हळूहळू ते सोडलं. आता काठावर बसलं की दहा मिनिटांत श्वास संथ होतो. रात्रीचे आकडेही कमी झालेत.

आज नदीसुरय आला होता. पाण्यावरून एक फेरी मारून वर वळला आणि प्रवाहाच्या दिशेने निघून गेला. पानावर दोनच रेघा आहेत, एक पंखाची आणि एक पाण्याची. उद्या तेच पान उघडणार आहे.